कुणाच्या जाहिराती आत येऊ द्यायच्या?

जाहिराती अडवणारा ॲड ब्लॉकर फोनमध्ये टाकावा का, असं आमच्या नरखेड, जलालखेडा, मोवाडकडची मुलं विचारतात. टाकावाच, असं मी सांगतो. संत्र्याचा भाव बघायला पान उघडावं, तर भावाच्या आधी तीनदा झटपट कर्जाचं ॲप डोकावतं. आणि हा नुसत्या वैतागाचा प्रश्न नाही. जाहिरातीच्या आडून नामांकित कंपन्यांच्या नकली साइट लोकांना लुबाडतात, म्हणून इंटरनेटवर शोध घेताना ॲड ब्लॉकर वापरा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयनेच डिसेंबर २०२२ मध्ये दिला होता.

पण ब्लॉकर टाकून काम संपत नाही. पान उघडताना ब्राउझर जाहिरातीच्या सर्व्हरकडे मागणी पाठवतो. ते नाव ब्लॉकरच्या यादीत असलं, की मागणी जातच नाही. जाहिरात दिसली नाही, म्हणजे साइटला तिचे पैसेही नाहीत. तालुक्यातल्या पाणीटंचाईची बातमी लावणारं दोन माणसांचं मराठी संकेतस्थळ आणि चोवीस तास विष पेरणारं पोर्टल, ब्लॉकरला दोन्ही सारखीच. फरक आपणच करायचा.

वर्तमानपत्र कुणाच्या पैशावर चालतं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ निघालं, तेव्हा शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. त्याच ‘मूकनायक’ची जाहिरात पैसे देऊ केले तरी ‘केसरी’ने छापली नाही. कुणाची जाहिरात घ्यायची आणि कुणाची नाकारायची, हे तेव्हा संपादक ठरवत. आज तो अधिकार थोडासा का होईना, वाचकाच्या हातात आला आहे.

वापरायला सोपा आहे. युब्लॉक ओरिजिन असेल, तर हवी ती साइट उघडायची, त्याच्या चिन्हावर टिचकी मारायची, मोठं पॉवर बटण बंद करायचं आणि पान पुन्हा लोड करायचं. तेवढ्या साइटपुरता ब्लॉकर गप्प बसतो. (अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये अशी एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात.) ॲडब्लॉक प्लस वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २०११ पासून त्यात ‘स्वीकारार्ह जाहिरातीं’ची यादी आधीच चालू असते. जाहिरात साधी असावी असे तिचे नियम आहेत खरे, पण मोठ्या कंपन्या त्या यादीत राहण्यासाठी पैसेही मोजतात. ती सेटिंग्जमध्ये जाऊन बंद करा आणि स्वतःची यादी करा.

यादीत कोण असावं? माझी कसोटी साधी आहे: बातमीखाली नाव आहे का, चूक झाली तर दुरुस्ती छापतात का, आणि मी तिथे खरंच वाचायला जातो का. आपल्या विरोधात गरळ ओकणारं पोर्टल आपलीच मुलं संतापून दहादा उघडतात, लिंक मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकतात. त्या संतापावरही पोर्टल कमावतं. निदान तिथे ब्लॉकर चालू ठेवा. आणि आता कडू वाटेल ते. चालवणारा मुसलमान आहे एवढ्यावर कुणालाही यादीत घेऊ नका. पडताळणी न करता अफवा पसरवणारी आपली पोर्टलंही कमी नाहीत. ‘कौम का मामला है’ म्हणून त्यांना सूट का द्यावी?

एक धोका मात्र असतो. साइटला मोकळीक दिली की तिच्या मागोमाग पाळत ठेवणारे ट्रॅकरही आत येतात. म्हणून जिथे वर्गणीची सोय आहे, तिथे मी ब्लॉकर चालूच ठेवतो आणि सरळ पैसे भरतो. चहाचे चार कप कमी प्यायले की वर्गणी निघते.

सध्या माझ्या यादीत सात नावं आहेत. आठवं होतं, पण त्या साइटने आपोआप वाजणारे व्हिडिओ लावायला सुरुवात केली. महिनाभर वाट पाहिली आणि पॉवर बटण पुन्हा चालू केलं.