टीव्ही जुना झाला, की त्यावरचा स्टिकर?

सप्टेंबर २०२५ मध्ये दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या. महिन्याच्या सुरुवातीला डॉल्बीने ‘डॉल्बी व्हिजन २’ जाहीर केलं. २२ तारखेला ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ‘या दिवाळीत घेऊनच टाकू’ असं कित्येक घरांत ठरलं. त्याआधी जूनमध्ये एचडीएमआय २.२ चं स्पेसिफिकेशनही आलं होतं, सेकंदाला ९६ गिगाबिटपर्यंत डेटा नेणारं. म्हणजे ज्यांनी करकपातीची वाट बघून नवा टीव्ही घेतला, त्यांचा सेट खोक्यातून बाहेर येण्याआधीच कागदोपत्री मागच्या पिढीचा झाला होता. ईएमआय संपायचाय अजून, आणि टीव्ही आउटडेटेड?

हा प्रश्न उगाच नाही, कारण असं एकदा खरंच झालंय. २०१३-१४ मध्ये फोर-के टीव्ही बाजारात नवे होते तेव्हा बहुतेकांची किंमत लाखांत होती. पडदा ३८४० बाय २१६० पिक्सेलचा, फुल एचडीच्या चौपट. पण त्यातल्या बऱ्याच सेटमध्ये एचडीसीपी २.२ ही कॉपी-संरक्षणाची सोय नव्हती आणि काहींमध्ये एचईव्हीसी व्हिडिओ उलगडणारी चिप नव्हती. म्हणजे फोर-के पडदा घरात आहे, पण बाहेरून येणाऱ्या फोर-के चित्राला आत यायला दारच नाही! एप्रिल २०१५ मध्ये एचडीएमआय २.०ए सोबत एचडीआर आलं आणि जानेवारी २०१६ मध्ये यूएचडी अलायन्सने ‘अल्ट्रा एचडी प्रीमियम’ हा शिक्का काढला. त्यात नुसते पिक्सेल पुरत नव्हते. १०-बिट रंग हवेत, उजेड १००० निट्स हवा (ओलेडसारख्या गडद काळा दाखवणाऱ्या पडद्यांना ५४० चालेल). दोन वर्षांपूर्वी लाखभर मोजलेल्यांची चिडचिड अगदी रास्त होती.

आजची गोष्ट मात्र वेगळी आहे. तेव्हा टीव्ही मागे होता. आज टीव्ही पुढे आहे आणि त्याच्याकडे येणारं चित्र मागे आहे. आपल्याकडचं साधं एसडी चॅनेल ७२० बाय ५७६ पिक्सेलचं असतं. गुणाकार करून बघा. फोर-के पडद्यावर बरोबर वीसपट पिक्सेल आहेत. म्हणजे आईची रात्रीची मालिका लागते तेव्हा वीसपैकी एका पिक्सेलची माहिती बाहेरून येते आणि उरलेल्या एकोणीसांचा टीव्हीतली चिप अंदाज बांधते. एचडी चॅनेल घेतलं तरी उंची १०८० ओळींचीच. खरं फोर-के मुख्यतः ओटीटीवर मिळतं, तेही वरचा प्लॅन घेतला तर. नेटफ्लिक्सचा फोर-के देणारा प्लॅन महिन्याला ६४९ रुपयांचा आहे आणि सोबत सेकंदाला १५ मेगाबिटचं स्थिर नेट लागतं. संध्याकाळी सगळी बिल्डिंग ऑनलाइन असताना हे ‘स्थिर’ म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. निरोगी डोळ्याला साधारण एक कलामिनिट, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा दिसतो. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीवर फुल एचडीचे सुटे पिक्सेल साडेपाच फुटांच्या पलीकडून दिसेनासे होतात. फोर-केचा पूर्ण फायदा घ्यायचा तर पावणेतीन फुटांवर बसावं लागेल. आणि एट-के? दीड फुटाच्याही आत. लहानपणी ‘टीव्हीला चिकटून बसू नको’ म्हणून खाल्लेला ओरडा आठवतोय ना? वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा ते भिंत सहा-सात फूट अंतर असतं. तिथे एट-केसाठी पैसे मोजणं हा मला निव्वळ शौक वाटतो. जपानच्या एनएचकेने २०१८ च्या डिसेंबरमध्ये एट-के चॅनेल सुरू केलं, पण बाकी जगात ती वाट फारशी कुणी धरली नाही.

मग फरक पडतो कशाने? उजेडाने. एचडीआरची सगळी मजा त्यात आहे. दिव्याची ज्योत खरंच लखलखते आणि त्याच फ्रेममधला अंधारातला चेहराही ओळखू येतो. स्टिकरची गडबडही इथेच आहे. स्वस्त टीव्हीवर ‘एचडीआर’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तो एचडीआर सिग्नल स्वीकारतो, एवढाच. पडद्याचा उजेड तीनशे निट्सच्या आसपास असेल तर दाखवणार काय? अशा टीव्हीला नव्या स्टँडर्डने जुनं केलेलं नाही. तो विकला तेव्हाच अर्धवट होता. माझा राग आहे तो यावर.

डॉल्बी व्हिजन नाही म्हणून झोप उडवायचंही कारण नाही. सॅमसंग आपल्या टीव्हींमध्ये ते देतच नाही, एचडीआर१०+ देतं. तरी तेच सिनेमे तिथेही दिसतात, कारण स्ट्रीमिंगवर टीव्हीला वरचा फॉरमॅट झेपला नाही की साधं एचडीआर१० येतं. चित्र बंद पडत नाही. एचडीएमआय २.२ चा विचार तर सध्या सोडाच. गेमिंगवाल्यांचा अपवाद. पीएस५ ला फोर-के १२० फ्रेम्सने चालवायचं तर १२० हर्ट्झचा पॅनेल आणि एचडीएमआय २.१ लागतं, ६० हर्ट्झचा टीव्ही तिथे खरोखरच कमी पडतो.

टीव्ही म्हातारा होतो तो बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने काही जुन्या स्मार्ट टीव्हींवर चालणं बंद केलं. पडदे ठणठणीत होते, ॲपच गेलं. १ जीबी रॅमचा बजेट टीव्ही दोन-तीन वर्षांत मेन्यू उघडायलाच चहा होईपर्यंत वेळ घेतो, आणि घरात निष्कर्ष निघतो, ‘टीव्ही बदलायला झाला.’ अशा वेळी दोन-चार हजारांची स्ट्रीमिंग स्टिक मागे लावली की पडदा आणखी काही वर्षं आरामात चालतो. आधी ते करून बघा.

तरी नवा घ्यायचाच असेल तर दुकानात स्टिकर वाचू नका. तिथे लावलेला मोर आणि धबधब्याचा डेमो व्हिडिओ प्रत्येक पडद्यावर सुंदरच दिसतो, तो त्यासाठीच बनवलेला असतो. त्याऐवजी घरी जे बघता तेच लावायला सांगा. एखादं साधं मराठी चॅनेल, मग ओटीटीवरचा रात्रीच्या अंधारातला सीन. उजेड किती निट्स, हर्ट्झ किती, रॅम किती आणि अपडेट किती वर्षं मिळणार, तेही विचारा. सेल्समन थोडा कंटाळेल, पण रिमोट तुमच्या हातात देईल.