गादीचा अधिकार

वाशिम–पुसद मार्गावरील अनसिंगची बाजारपेठ असो वा मुंबईची मोठी पेढी, माणसाच्या कष्टाचे मोल देणे आणि त्याच्या हाती निर्णयाचा अधिकार सोपवणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली लवकर घडते. दुसरीला कधीकधी एक पिढी लागते. क्रीडाक्षेत्राचा इतिहास याची साक्ष देतो.

चर्मकार कुटुंबातील बाळू पालवणकर पुण्याच्या युरोपियन जिमखान्यात पगारावर गोलंदाजी करीत. पुढे हिंदू संघाने त्यांना घेतले. १९०६ साली या संघाने युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी मिळवले. तथापि, पुण्यात चहापानाच्या वेळी त्यांना चहा मिळे तो बाहेर, मातीच्या भांड्यात. त्यांच्या हातचा चेंडू संघाला चालत होता, त्यांची पंगत चालत नव्हती. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. १९२० साली याच प्रश्नावरून त्यांचे बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून माघार घेतली, तेव्हा कोठे बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने युरोपियनांवर मात करून चौरंगी स्पर्धा जिंकली.

अमेरिकेतील बेसबॉलची कथा याहून फार निराळी नाही. त्या खेळात संघाची सूत्रे ‘मॅनेजर’कडे असतात. कोणी खेळावे, कोणत्या क्रमाने फलंदाजी करावी, गोलंदाज केव्हा बदलावा, हे तोच ठरवतो. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन यांनी प्रमुख स्पर्धांमधील वर्णबंदी मोडली. कृष्णवर्णीय खेळाडू संघांना धावा आणि विजय मिळवून देऊ लागले. मॅनेजरची जागा मात्र गोऱ्यांकडेच राहिली. ऑक्टोबर १९७२ मध्ये जाहीर सत्काराला उत्तर देताना जॅकींनी हीच उणीव बोलून दाखवली. नऊ दिवसांनी त्यांचे निधन झाले. १९७५ साली फ्रँक रॉबिन्सन यांनी मॅनेजर म्हणून क्लीव्हलँड संघाची सूत्रे हाती घेतली. ते स्वतः खेळतही असत. पहिल्याच सामन्यात, पहिल्याच फलंदाजीत त्यांनी होम रन फटकावली. मैदानाच्या दारापासून या पदापर्यंतचे अंतर अठ्ठावीस वर्षांचे ठरले. स्त्रियांना तर त्याहून अधिक थांबावे लागले. खेळाडूंची निवड व करार पाहणारे सरव्यवस्थापकपद प्रथमच एका स्त्रीला, किम अँग यांना, मायामी संघात मिळाले ते २०२० साली. तोवर या व्यवसायात त्यांची सुमारे तीस वर्षे गेली होती.

या तिन्ही प्रसंगी पात्रतेचा पुरावा कधीच मिळाला होता. उणीव होती ती देणाऱ्याच्या मनाची. व्यापारी कुटुंबांनी आपल्या पेढीकडे याच दृष्टीने पाहावे. वीस वर्षे तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा मुनीम खरेदीचा भाव स्वतः ठरवू शकतो काय? उधारीची वही चोख ठेवणाऱ्या लेकीची वा सुनेची सही धनादेशावर चालते काय? विश्वास टाकला आहे असे म्हणणे सोपे असते. तो खरोखर टाकला आहे की नाही, हे सहीचा अधिकार कोणाला आहे यावरून कळते.