विश्लेषण : किनाऱ्यावरचा पदपथ कोणासाठी? नकाशा पक्का होण्याआधी विचारा!

मुंबई किनारी रस्त्यालगतचा सागरी पदपथ ऑगस्ट २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. पहाटे धावणारे, संध्याकाळी नातवंडांना घेऊन येणारे आजी-आजोबा, सेल्फी काढणारी तरुण मंडळी अशी गर्दी तिथे दिसते. मोकळ्या जागेला आसुसलेल्या शहरासाठी ही मोठी गोष्ट आहे. पण असा पदपथ आखताना तो वापरणाऱ्यांना कधी आणि कसे विचारले जाते, हा प्रश्न उरतोच.

वरळीचा धडा काय?

प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपूल ते वरळी हा १०.५८ किलोमीटरचा प्रकल्प. काम सुरू झाले २०१८ मध्ये. क्लीव्हलँड बंदराजवळ पुलाच्या खांबांमधले अंतर ६० मीटर ठेवले होते. वरळी कोळीवाड्यातल्या मच्छीमारांचे म्हणणे होते की एवढ्या फटीतून होड्या नेणे धोक्याचे आहे. कागदावर होडीची रुंदी मोजली तर ६० मीटर भरपूर वाटतात. पण वारा आणि प्रवाह होडीला आडवे ढकलतात, खांबाला आपटून लाट उलटी फिरते, समोरून दुसरी होडी येते. हे गणित रोज समुद्रात जाणाऱ्यालाच ठाऊक असते.

निवेदने झाली, आंदोलने झाली, काम अडले. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याची घोषणा झाली. मच्छीमारांची मागणी यापेक्षा जास्त होती, तरी तोडगा निघाला. पण त्यासाठी चार वर्षे गेली. हीच चर्चा नकाशा तयार होत असताना झाली असती तर?

पदपथाशी याचा काय संबंध?

थेट संबंध आहे. इथे शहर आणि समुद्र यांच्या मध्ये आठ मार्गिकांचा वेगवान रस्ता आहे. पदपथावर जायचे तर भुयारी पादचारी मार्ग घ्यावा लागतो. म्हणजे पदपथ किती सुंदर आहे यापेक्षा भुयाराचे तोंड कुठे उघडते, हे महत्त्वाचे ठरते. ते बस थांब्यापासून लांब असेल, तर चारचाकीवाल्यांचीच सोय होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतार साधारण १:१२ पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे एक मीटर उंचीसाठी किमान बारा मीटर लांबी हवी. ही जागा आधीच राखून ठेवली नाही, तर नंतर मिळत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या भरावाच्या जमिनीवर निवासी किंवा व्यापारी बांधकामाला परवानगी दिलेली नाही. त्यामुळे ही जागा लोकांचीच राहणार आहे. मग तिथे सावली कुठे, शौचालय कुठे, रात्री दिवे किती, हेही लोकांनीच सांगायला हवे.

लोकांना विचारून असे काम होते का?

होते, आणि मुंबईतच झाले आहे. वांद्र्याच्या कार्टर रोड आणि बँडस्टँडचे पदपथ स्थानिक रहिवासी आणि वास्तुविशारद पी. के. दास यांच्या पुढाकारातून आकाराला आले. तिथे एक मर्यादाही दिसते. ज्या वस्तीकडे वेळ, ओळखी आणि पैसा आहे, तिचा आवाज लवकर पोहोचतो. कोळीवाड्याला मात्र आंदोलन करावे लागते. म्हणूनच सहभाग हा वस्तीच्या ताकदीवर न सोडता नियमात बसवायला हवा.

मग काय करायला हवे?

• आराखड्याचा पहिला मसुदा मराठीत, सोप्या नकाशासह प्रसिद्ध करावा.

• बैठक कार्यालयात सकाळी ११ वाजता नको. होड्या भरती-ओहोटीप्रमाणे जातात-येतात. बैठकीची वेळ त्याप्रमाणे ठरवावी आणि ती वस्तीत घ्यावी.

• ज्येष्ठ, अपंग, महिला आणि मच्छीमार यांच्यासोबत जागेवर फिरून पाहणी करावी. पावसाळ्यात मोठ्या भरतीच्या दिवशीही एकदा.

• कोणती सूचना स्वीकारली, कोणती नाकारली आणि का, हे जाहीर करावे.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. 'हरकती व सूचना' मागवल्या जातात, पण पुढे त्यांचे काय झाले हे कळत नाही. उत्तरच मिळणार नसेल तर माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही.

आत्ताच का?

कारण पुढचा किनारी रस्ता वर्सोव्याहून उत्तरेला दहिसर, भाईंदरच्या दिशेने जायचा आहे. तिथेही कोळीवाडे आहेत, खाड्या आहेत, कांदळवने आहेत. प्रत्येक सूचना मान्य करता येणार नाही, हे खरे. काही मागण्या परस्परविरोधी असतील आणि वेळही जाईल. पण नकाशावरची रेघ खोडायला खोडरबर पुरतो, समुद्रात उभा राहिलेला खांब हलवायला पुरत नाही. वरळीत हे आपण शिकलो आहोत. तोच धडा पुन्हा गिरवायचा की आधीच विचारायचे, हे प्रशासनाने ठरवायचे आहे. आणि मसुदा आला की तो उघडून वाचायचे काम आपले.