माग आपला, गिऱ्हाईक कुणाचे?

सन १७५३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमधील कापड खरेदीची आपली पद्धत बदलली. तोवर दादनी व्यापारी कंपनीकडून आगाऊ रक्कम घेत आणि विणकरांकडून माल तयार करवून तो कंपनीच्या वखारीत पोचवीत. या देशी मध्यस्थांना कंपनीने दूर केले व त्यांच्या जागी आपले पगारी गुमास्ते नेमले. वरकरणी ही सोय विणकराच्या हिताचीच दिसत होती. मधला दलाल गेला, खरेदीदार थेट दाराशी आला, माल कोठे न्यायचा याची विवंचना संपली. प्रत्यक्षात नमुना गुमास्ता ठरवू लागला, भावही तोच ठरवू लागला आणि उचल घेतलेल्या विणकराला दुसऱ्या कुणाला ठाण विकण्याची मुभा राहिली नाही. कंपनीच्याच सेवेत राहून गेलेल्या विल्यम बोल्ट्सने १७७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गुमास्त्यांचा भाव खुल्या बाजाराहून किमान १५ टक्के, तर काही ठिकाणी ४० टक्के कमी असल्याचे नोंदवून ठेवले आहे.

आजच्या कारखानदाराच्या दाराशी कंपनीचा शिपाई उभा नाही, हे खरेच. करार करावा की न करावा, हे त्याच्याच हाती आहे. परंतु संगणकाच्या पडद्यावरून परदेशी ग्राहकाला माल विकण्याची जी नवी व्यवस्था गेल्या तीन-चार वर्षांत चीनमधून जगभर पसरली, तिच्याकडे पाहताना दादनीचा व गुमास्त्याचा तो जुना इतिहास आठवल्याशिवाय राहत नाही. ही व्यवस्था भारतीय लघुउद्योजकाने नीट समजून घेणे आवश्यक आहे. निर्यातीची भाषा आता केवळ मोठ्या घराण्यांची राहिलेली नाही. सोलापूरचा टेरी टॉवेलवाला आणि कोल्हापूरचा चर्मकारही आज तिचा विचार करतो आहे.

या व्यवस्थेची दोन रूपे आहेत. पहिल्यास पूर्ण-व्यवस्थापन म्हणता येईल. पिंडुओडुओ या चिनी उद्योगसमूहाने सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत ‘टेमू’ हा बाजारमंच उघडला, तो याच पायावर. त्याच वर्षअखेरीस अलीएक्स्प्रेसनेही हा मार्ग धरला. यात कारखानदाराने नमुना द्यायचा, पुरवठ्याचा भाव सांगायचा आणि मंजुरी मिळाली की माल चीनमधील मंचाच्या गोदामात नेऊन टाकायचा. तेथे त्याचे काम संपते. छायाचित्रांपासून जाहिरातीपर्यंत, विमानभाड्यापासून जकातीपर्यंत आणि तक्रारीपासून परताव्यापर्यंत सारे मंच पाहतो. इंग्रजीचा एक शब्द न येणारा ग्वांगडोंगमधील कारखानदार ओहायोतील गृहिणीला चमचा विकू शकतो. ही सिद्धी लहान नव्हे, तिचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

मेख पुढे आहे. ग्राहकाकडून किती किंमत घ्यायची हे मंच ठरवतो व कारखानदाराला मिळतो तो केवळ पुरवठ्याचा भाव, तोही माल विकला गेल्यावर. गोदामात पडून असलेला माल कारखानदाराचाच, म्हणजे साठ्याची जोखीम त्याची आणि विक्रीचा अधिकार मात्र दुसऱ्याचा. तशाच वस्तूचा कुणी कमी भाव देऊ केला की जुन्या पुरवठादारास भाव उतरवा, अन्यथा जागा सोडा, असा निरोप येतो. ग्राहकाने मालाच्या दर्जाबद्दल तक्रार केली तर दंड, आणि तो वस्तूच्या किमतीच्या पटीत. या दंडांना व रोखून धरलेल्या रकमांना कंटाळून जुलै २०२४ मध्ये शेकडो पुरवठादार ग्वांगझौमधील कार्यालयावर चालून गेले, ही बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत आली होती. कम्युनिस्ट राजवटीत, जेथे चार माणसांनी एकत्र जमणेही सोपे नाही, तेथे व्यापाऱ्यांना रस्त्यावर यावे लागले यातच सारे आले.

दुसरे रूप अर्ध-व्यवस्थापनाचे. टेमूने अमेरिकेसाठी ते मार्च २०२४ मध्ये खुले केले, अलीएक्स्प्रेसने त्याच वर्षाच्या आरंभी. यात ग्राहक आणून देणे, मालाचे दर्शन घडवणे आणि पैशांची वसुली ही मंचाची कामे. माल मात्र कारखानदाराने आपल्या खर्चाने आधीच परदेशी गोदामात नेऊन ठेवायचा आणि मागणी येताच तेथून घरपोच करायचा. जकात त्याने भरायची, गोदामाचे भाडे त्याने द्यायचे, परत आलेल्या मालाची व्यवस्थाही त्यानेच लावायची.

मंचांनी हा बदल कारखानदारांच्या कळवळ्याने केला, असे समजण्याचे कारण नाही. ८०० डॉलरपर्यंतचे पार्सल जकातीविना अमेरिकेत येऊ देण्याची सवलत २०१६ पासून होती. पूर्वी ही मर्यादा २०० डॉलर होती. चिनी स्वस्ताईची सारी इमारत या एका फटीवर उभी होती. ती फट बुजणार याची चाहूल लागताच माल आधीच अमेरिकेत नेऊन ठेवण्याची जबाबदारी मंचांनी पुरवठादारांच्या खांद्यावर टाकली. आणि फट खरोखरच बुजली. २ मे २०२५ पासून चीन व हाँगकाँगच्या मालासाठी, तर २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्वच देशांसाठी ही सवलत अमेरिकेने काढून घेतली. आपल्याकडेही त्याचा फटका बसला. भारतीय टपाल खात्याला अमेरिकेकडे जाणारी पार्सले त्याच ऑगस्टमध्ये थांबवावी लागली आणि ती ऑक्टोबरच्या मध्यास पुन्हा सुरू झाली. युरोपीय संघानेही १५० युरोंखालच्या पार्सलांतील वस्तूंवर १ जुलै २०२६ पासून प्रत्येकी ३ युरो जकात लावण्याचा निर्णय डिसेंबर २०२५ मध्ये घेतला. जो कारखानदार चिनी वाटेने चालू पाहतो, त्याने हे ध्यानात ठेवावे की ती वाट ज्या सवलतीमुळे सुगम होती, ती सवलतच आता उरलेली नाही.

हिशेब मांडून पाहू

तत्त्वचर्चेपेक्षा हिशेब बरा. समजा, सोलापूरच्या एका टॉवेल उत्पादकाने एक हजार संच तयार केले व प्रत्येकी उत्पादनखर्च ४०० रुपये आला. पूर्ण-व्यवस्थापनात त्याला पुरवठ्याचा भाव ४५० रुपये मिळतो असे धरू. सारे संच खपले तर नफा ५० हजार रुपये. आता त्यातील अवघ्या वीस संचांबद्दल रंग गेल्याची तक्रार आली आणि करारात पाचपट दंडाचे कलम असले, तर ४५ हजार रुपये दंडातच गेले. हजार संचांच्या श्रमाचे फळ पाच हजार रुपये!

अर्ध-व्यवस्थापनात तोच संच परदेशी ग्राहकाला १,५०० रुपयांना पडतो असे धरू. उत्पादनखर्च ४००, जहाजभाडे व सोडवणूक १००, जकात १००, गोदाम व घरपोच वाहतूक ५५०, मंचाचा वाटा, जाहिरात व परतावे मिळून १५०, अशी १,३०० रुपयांची बेरीज वजा जाता संचामागे २०० रुपये हाती येतात. हा चौपट नफा पाहून कुणाचेही मन मोहरेल. परंतु पहिला संच विकला जाण्यापूर्वीच सहा लाख रुपये माल, भाडे आणि जकात यांत अडकलेले असतात. हजारांपैकी सातशेच संच खपले तर नफा १ लाख ४० हजार आणि पडून राहिलेल्या तीनशे संचांत अडकलेली रक्कम १ लाख ८० हजार. म्हणजे चाळीस हजारांचा खड्डा, गोदामाचे भाडे वेगळेच. पहिल्या मार्गात माणूस हळूहळू झिजतो, तर दुसऱ्यात एका हंगामात झोपू शकतो. कर्जाचे व्याज भरणाऱ्या लघुउद्योजकाला हा फरक कुणी समजावून सांगायला नको.

मग निवड कशाच्या आधारे करावी? येथे केवळ नफ्याचा टक्का पाहणारे सल्लागार चुकतात. खरा प्रश्न असा आहे की पाच वर्षांनंतर कारखानदाराच्या हाती काय उरते. पूर्ण-व्यवस्थापनात ग्राहकाला त्याचे नावही ठाऊक नसते. टॉवेल आवडला तर ग्राहक त्या मंचाकडे परत येतो, सोलापूरकडे नव्हे. कोणता रंग खपला, कोणत्या शहरात खपला, कुणी का परत केला, हे सारे ज्ञान मंचाच्या तिजोरीत जमा होते आणि त्याच ज्ञानाच्या बळावर पुढच्या वेळी दुसऱ्या कारखानदाराकडून तोच माल दोन रुपये कमीने मागितला जातो. अर्ध-व्यवस्थापनातही ग्राहक पुरता आपला होत नाही, हे मान्य करावे लागेल. तरी साठा आपल्या ताब्यात असतो. एका मंचाशी बिनसले तर तोच माल त्याच गोदामातून दुसऱ्या मंचावर वा स्वतःच्या संकेतस्थळावर विकता येतो. हे स्वातंत्र्य ताळेबंदात कोठे दिसत नाही, परंतु व्यापारात त्याचे मोल मोठे आहे.

नावाचे मोल काय असते, हे कोल्हापुरी चपलेच्या प्रकरणाने जून २०२५ मध्ये दाखवून दिले. मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन कंपनीने हुबेहूब कोल्हापुरी बांधणीची पायताणे मांडली आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, कंपनीला मूळ मान्य करावे लागले व त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिने करार केला. ही ओरड परिणामकारक ठरली, कारण २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकनाचे कवच होते. सोलापुरी चादरीला आणि सोलापुरी टेरी टॉवेललाही ते आहे. ज्या मालाला असे नाव आहे, तो निनावी करून मंचाच्या ढिगात टाकणे म्हणजे पिढ्यान्पिढ्यांची पुंजी रद्दीच्या भावाने घालणे होय. उलट प्लॅस्टिकचे डबे, साधे हुक, नामहीन सुटे भाग यांच्या उत्पादकाने पूर्ण-व्यवस्थापनाचा आधार घेतला तर त्यास दोष देता येणार नाही. कोणता नमुना परदेशी चालतो याची चाचपणी करण्यासाठीही तो मार्ग उपयोगी आहे. मात्र एकूण उत्पादनाचा किती भाग त्यात घालायचा, याची मर्यादा आधी आखावी. चौथाईहून अधिक माल एका मंचाच्या मर्जीवर सोडणारा उद्योजक नावापुरताच उद्योजक राहतो.

भारतात हा प्रश्न कायद्याच्या अंगानेही वेगळा आहे. परदेशी भांडवलाच्या ई-व्यापार कंपनीने स्वतःचा साठा बाळगून विकू नये, केवळ बाजारपेठ पुरवावी, हा दंडक २०१६ मध्ये घातला गेला व डिसेंबर २०१८ च्या परिपत्रकाने तो अधिक कडक झाला. छोट्या दुकानदाराच्या रक्षणासाठी स्वदेशी जागरण मंचासारख्या संघटनांनी त्याचा आग्रह धरला होता. २०२५ मध्ये केवळ निर्यातीपुरती ही अट शिथिल करण्याचा प्रस्ताव चर्चेला आला. निर्यातदार कंपनी येथेच रुपयांत माल विकत घेईल, कागदपत्रांची कटकट तिची, कारागिराला घरबसल्या पैसे, असे त्याचे समर्थन केले जाते. ते सर्वस्वी खोटे नाही. चिनी पद्धतीत माल विकेपर्यंत पैसा मिळत नाही, येथे निदान तो खरेदीच्या वेळीच मिळू शकेल. परंतु निर्यातदार ती कंपनी ठरली की जकातीचे परतावे तिचे, परदेशी ग्राहकाची ओळख तिची आणि भाव पाडण्याची ताकदही तिचीच. मूळ उत्पादकाचे नाव वेष्टनावर राहील व विक्रीची माहिती त्याला मिळेल, अशा अटी शासनाने घातल्याविना अशी सूट देणे म्हणजे गुमास्त्याला परवाना देणे ठरेल.

एकट्या उद्योजकाला सहा लाख अडकवणे जड जाते, तेच वीस उद्योजकांनी मिळून केले तर? स्वदेशी आंदोलनाच्या काळात लोकमान्यांनी पैसा फंडाच्या तळेगावच्या काच कारखान्याला बळ दिले, तसेच मुंबईत स्वदेशी मालाचे सहकारी भांडार निघाले त्यालाही. माल निर्माण करणे पुरेसे नाही, तो विकण्याचे स्थानही आपले हवे, हे त्या पिढीला उमगले होते. न्यू जर्सीत वा रॉटरडॅममध्ये सोलापूर व इचलकरंजीच्या उत्पादकांनी मिळून एक गोदाम भाड्याने घेणे आज अशक्य नाही. त्या त्या ठिकाणचा मराठी माणूस देखरेखीला मिळू शकतो. २०२४ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेली ई-व्यापार निर्यात केंद्रे आणि एक हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रे ही देशातील बाजू सांभाळतील. परदेशी टोकाची बाजू मात्र अजून मोकळीच आहे आणि लघुउद्योग भारतीसारख्या संघटनांनी तेथे लक्ष घालावे.

तूर्त ज्यांच्यासमोर करार येऊन पडला आहे, त्यांनी निदान चार कलमे वकिलाकडून वाचून घ्यावीत. न विकलेला माल परत कुणाच्या खर्चाने येणार, दंडाला कमाल मर्यादा आहे काय, तोच माल अन्यत्र विकण्यास बंदी आहे काय, आणि वाद झाल्यास न्यायालय कोणत्या देशातले. अर्ध-व्यवस्थापनाचा मार्ग धरणाऱ्यांना दिनदर्शिकाही पाहावी लागेल. नाताळच्या खरेदीचा माल ऑक्टोबरच्या आरंभी अमेरिकेतील गोदामात असायला हवा. न्हावा शेवाहून जहाजाला महिना-दीड महिना लागतो. म्हणजे मागावर ताणा चढतो तो जूनमध्ये, आणि बँकेकडे अर्ज त्याच्याही आधी.