होडी विकायची, पण कोणाला?

जुनं घर विकणं आणि जुनी होडी विकणं यांत मोठा फरक आहे. घर पडकं झालं तरी त्याच्याखाली जमीन असते, आणि गिऱ्हाईक बहुधा जमिनीचेच पैसे मोजतं. होडीच्या खाली नुसतं पाणी! त्यामुळे जुन्या होडीची किंमत सांगायची वेळ आली की भले भले चाचरतात. गेले दोन महिने आमच्या घरात फोनवरून जो वाद चालला आहे तो यावरूनच. प्रत्येकाला वेगवेगळं समजावून सांगता सांगता घसा बसला, म्हणून म्हटलं, सगळं एकदाच लिहून काढावं. नातेवाईक वाचतीलच. ब्लॉगवरच्या मित्रमंडळींपैकी ज्यांच्याकडे जुनी मोटार, जुनी पेटी किंवा जुनं शिवणयंत्र असेल, त्यांनाही यातलं काही उपयोगी पडेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. होडी सोळा फुटांची, लाकडी, एका शिडाची. कर्ली खाडीत चालते. १९८८ साली आमच्याच गावच्या सुताराकडून बांधून घेतली. फळ्या सागाच्या. इंजिन कधी बसवलं नाही. तीन माणसं आरामात बसतात, चौथं बसलं की कोणीतरी कुरकुरतं. शाळेत मी भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकवायचो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो तो मतलई, दुपारी समुद्रावरून येतो तो खारा. फळ्यावर बाण काढून जे मुलांच्या डोक्यात शिरत नसे, ते होडीत बसवून एकदा खाडीच्या मुखापर्यंत नेलं की पाठ होई. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. परबाण वर चढवताना उजवा खांदा नको म्हणतो आणि चिखलात उतरताना गुडघे. मुलगा पुण्यात, मुलगी नाशिकला. तेव्हा होडी विकायची हे ठरलं. यावर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो कितीला आणि कोणाला, यावर.

आधी देखभालीबद्दल लिहितो, कारण किमतीचं मूळ तिथे आहे.

लाकडी होडीचे शत्रू तीन. पहिला किडा. त्याला किडा म्हणतात खरं, पण तो शिंपल्याच्या कुळातला प्राणी. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढं भोक पाडून लाकडात शिरतो आणि आतल्या आत बोगदे करत जातो. वरून फळी गुळगुळीत, आतून जाळी. याला गोडं पाणी मानवत नाही आणि कोरडंही सोसत नाही. म्हणून जुनी माणसं होडी अधूनमधून वाळूवर ओढायची, तळाला झावळ्यांचा शेक द्यायची आणि वर चुना-तेलाचा हात मारायची.

दुसरा शत्रू पाऊस. ऐकणाऱ्याला आश्चर्य वाटतं, पण खारं पाणी लाकडाला जितकं सोसतं तितकं पावसाचं साचलेलं पाणी सोसत नाही. बरगड्यांच्या बेचक्यात चार बोटं पाणी आणि पालापाचोळा पावसाळाभर राहिला की तिथूनच कुजायला सुरुवात होते. त्यामुळे जूनच्या आत होडी वर घेणं, तळाचं बूच काढून ठेवणं आणि वर झापांचं छप्पर करणं याला पर्याय नाही. मात्र छप्पर चारी बाजूंनी बंद नको, वारा खेळला पाहिजे.

तिसरा शत्रू ऊन, म्हणजे खरं तर आपला आळस. होडी पाण्याबाहेर फार दिवस राहिली की फळ्या आटतात आणि सांधे उघडतात. मग फटींत तेलात भिजवलेला कापूस बोथट छिन्नीनं ठोकून भरायचा, वर राळ आणि तेलाची लुकण लावायची, आणि पाण्यात सोडल्यावर दोन दिवस ती पाणी पिते ते निमूट बघायचं. लाकूड फुगलं की फटी आपोआप मिटतात. आमचे सुतार म्हणायचे, "मास्तरानू, होडयेक सुकत ठेवल्यात तर ती फुटतली. तिका पाणी व्हया." चाळीस मिनिटांच्या तासात मी याहून नेमकं काही शिकवलं असेन असं वाटत नाही.

यात कुठेही हौस हा शब्द आला नाही, हे लक्षात घ्या. होडी हौसेवर राहत नाही, पंचांगावर राहते. मे महिन्यात वर, नारळी पौर्णिमेनंतर खाली, दिवाळीनंतर उंडीच्या तेलाचा हात, आणि दर दोन-तीन वर्षांनी खिळे तपासणं. लोखंडी खिळा गंजला की भोवतालचं लाकूडही खातो. म्हणून जिथे जिथे खिळे बदलले तिथे मी तांब्याचे घातले. शीड सुती होतं ते बुरशीनं गेलं, नंतरचं टेरिलिनचं आहे. त्याला बुरशी धरत नाही, पण उन्हात तसंच गुंडाळून ठेवलं तर धागा जळतो.

आता किंमत. हा सगळा खर्च आमच्या सौभाग्यवतींनी घरखर्चाच्या वहीत 'होडी' असं निराळं पान घालून लिहून ठेवला आहे. मुलीनं त्या पानांची बेरीज केली आणि म्हणाली, "बाबा, निदान एवढे तरी आले पाहिजेत." हिशेब चोख, पण गणित चुकीचं! तेल, कापूस, मजुरी यांचे पैसे होडीत साठत नाहीत. ते त्या त्या वर्षी खाडीत फिरण्याचे पैसे होते, आणि ते मी पुरेपूर वसूल केले आहेत. मुलाच्या मुंजीनंतर पाहुण्यांना घेऊन देवबागच्या संगमापर्यंत केलेल्या फेऱ्यांचे पैसे आता नव्या माणसाकडून मागायचे म्हणजे एकदा जेवलेल्या जेवणाचं बिल दुसऱ्याच्या ताटाखाली सरकवण्यासारखं आहे.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. माझा पुतण्या इंग्लंडमध्ये असतो. तिकडे 'मिरर' नावाची एक छोटी शिडाची होडी आहे. १९६२ साली 'डेली मिरर' या वर्तमानपत्राच्या पुढाकारानं ती निघाली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं टाचायचे, सांध्यावर काचतंतूची पट्टी चिकटवायची, आणि साधारण अकरा फुटांची होडी घरच्या घरी तयार. शीड लाल. अशा सत्तर हजारांच्या वर होड्या बनल्या. पुतण्या सांगतो की त्यांतल्या जुन्या पुष्कळदा किरकोळ पैशांत मिळतात, कधी कधी 'घेऊन जा' म्हणून फुकटही. कारण ठेवायची जागा आणि दुरुस्तीची मेहनत यांचा भाव होडीपेक्षा जास्त. थोडक्यात, जुन्या छोट्या होडीची किंमत म्हणजे तिच्यात अजून किती वर्षं शिल्लक आहेत आणि त्यासाठी घेणाऱ्याला किती घाम गाळावा लागेल याचा हिशेब. आपल्या आठवणी त्यात जमेला धरायच्या नसतात.

विकताना दोष आधी सांगावेत, गुण गिऱ्हाईक आपले आपण बघतं, हे माझं दुसरं मत. आमच्या होडीच्या डाव्या बाजूची तळाकडून दुसरी फळी दोन वर्षांत बदलावी लागेल. दाभण टोचलं की ते इतर ठिकाणी अडतं, तिथे थोडं आत जातं. सुकाणूचं वरचं बिजागर झिजलं आहे. डोलकाठी ठणठणीत. हे सगळं मी एका कागदावर लिहून ठेवलं आहे आणि बघायला येणाऱ्याला चहाच्या आधी तो कागद देतो. मुलगा म्हणतो, असा कोणी धंदा करतं का? अरे, मी धंदा करतच नाहीये. मोटारीचं बिघडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला थांबतो. होडीचं बिघडलं तर तो खाडीच्या मध्यावर असतो आणि ओहोटी त्याला समुद्राकडे ओढत असते.

कागदपत्रांचंही तसंच. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर जो हल्ला झाला, त्यातले हल्लेखोर समुद्रातून आले होते. त्यानंतर किनाऱ्यावर होड्यांची चौकशी वाढली, आणि ती योग्यच आहे. तेव्हा होडी देऊन टाकली आणि नाव आपलंच राहिलं, असं करू नये. बंदराच्या कचेरीत नाव बदलेपर्यंत व्यवहार पुरा झाला असं समजू नये.

आता मुख्य भांडणाकडे येतो. गिऱ्हाइकं दोन आहेत.

एक आहेत खाडीकाठचे हॉटेलवाले. माणूस सरळ आहे, मनातलं लपवलं नाही. त्यांना होडी अंगणात ठेवायची आहे. छान निळा रंग देतील, आत माती भरून फुलझाडं लावतील, शिडाला दिव्यांची माळ. पंचेचाळीस हजार रोख. दुसरा देवबागचा एक तरुण. मासेमारीवर पोट आहे. घरी फायबरची होडी आणि तिला मागे लावलेलं इंजिन आहे. त्याला शीड शिकायचं आहे. तो पंचवीस हजार देऊ शकतो, तेही दोन हप्त्यांत.

मुलीचं म्हणणं, हॉटेलात दिली तर निदान डोळ्यांसमोर राहील, येता-जाता बघता येईल. सौभाग्यवतींचं म्हणणं, वीस हजार काही झाडाला लागत नाहीत. दोन्ही म्हणणी मला कळतात. पेन्शनीत वीस हजार ही चेष्टेची रक्कम नाही.

तरीही मी तरुणाच्या बाजूनं आहे. मातीनं भरलेली होडी म्हणजे वर सांगितलेला दुसरा शत्रू आपण होऊन आत नेऊन बसवणं. ओली माती तळाला चिकटून राहणार, फळ्या आतून कुजणार, बाहेरून उन्हानं तडकणार. चार-पाच पावसाळ्यांत तिची लाकडं होतील, आणि मग मुलगी येता-जाता काय बघणार? पण हे झालं लाकडाचं.

त्याहून मोठी गोष्ट हातांची आहे. नौदलाची 'कौंडिण्य' ही नौका २१ मे २०२५ रोजी कारवारला दाखल झाली. एक खिळा न ठोकता काथ्यानं शिवलेली. तिचा नमुना घेतला अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून. चित्र होतं म्हणून रूप कळलं. पण फळ्या शिवल्या कोणी? केरळच्या कारागिरांनी, कारण शिवायची विद्या तिथे अजून काही हातांत जिवंत होती. नुसतं चित्र जपून जहाज बांधता आलं नसतं. हॉटेलच्या अंगणातली होडी म्हणजे चित्रच. आमच्या वाडीत आज वारा तिरका घेऊन शीड कसं फिरवायचं हे जाणणारे आम्ही दोघं-तिघं म्हातारे उरलो आहोत. फायबरला मी नावं ठेवत नाही. रोज पहाटे जाळी टाकायला जाणाऱ्यानं कापूस आणि राळ यांच्यात का अडकावं? पण शीड म्हणजे जुनाट, असंही नव्हे. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे यांनी गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्यानं जगप्रदक्षिणा केली. 'तारिणी'तून नौदलाच्या दोन महिला अधिकारी २०२४ च्या ऑक्टोबरात गोव्याहून निघाल्या आणि जग फिरून २०२५ च्या मेमध्ये गोव्यालाच परतल्या. वारा अजून फुकट आहे, तो वापरता येणारी माणसं तेवढी हवीत.

एका बाबतीत मात्र त्या तरुणाशी माझं खटकलं. बोलता बोलता तो म्हणाला, "सीझनला पाच-सहा पर्यटक फिरवीन." मी तिथेच थांबवलं. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट बुडून दोघांचा जीव गेला, हे या किनाऱ्यावर कोणी विसरलेलं नाही. ही होडी तीन माणसांची आहे, आणि तिची एक फळी म्हातारी आहे. मी पावतीवरच लिहून ठेवलं आहे: तीन माणसं, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि परवान्याशिवाय भाड्यानं प्रवासी नाहीत. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याची हुकमत चालत नाही, हे मला कळतं. पण लिहिलेलं वाचून त्यानं तोंड वाकडं केलं असतं तर मी होडी दिली नसती. त्यानं दोनदा वाचलं आणि विचारलं, "गुरुजी, ती फळी आताच बदलूया काय?" मला तेवढं पुरे झालं.

असो. व्यवहार ठरला आहे, पंचवीस हजारांना. फळीचे पैसे तो घालणार, उभं राहून करून मी घेणार. होडीबरोबर दोन वल्ही, नांगर, जादा दोर आणि भरतीचं टिपण देतो आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीच्या वेळेचा साधारण अंदाज येतो, हे त्याला आजोबांकडून माहीत होतंच. तेव्हा नाशिक, पुणे आणि दादरच्या मंडळींनी रागवायचं ते खुशाल रागवावं, पण मे महिन्याच्या आत येऊन जावं. जूनपासून होडी देवबागला, त्याच्या छपराखाली असेल. आणि येताना तिघातिघांनीच यावं, चौथ्याला जागा नाही.