जुन्या गाडीचे अ‍ॅव्हरेज आणि २० टक्के इथेनॉल

शिरोळ, जयसिंगपूर, कुरुंदवाड या पट्ट्यात अनेक व्यापाऱ्यांच्या दारात आजही जुनी डिकीवाली गाडी दिसते. कोणाची एस्टीम, कोणाची पहिल्या पिढीतली होंडा सिटी. आठवडाभर डिकीत कापडाचे गठ्ठे घालून इचलकरंजीच्या फेऱ्या, आणि रविवारी त्याच गाडीतून सगळे घर लग्नाला. अशी गाडी परवडते ती अ‍ॅव्हरेजवर, आणि सध्या जो तो म्हणतो, अ‍ॅव्हरेज पडले.

तक्रार खोटी नाही. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. महिन्याला १५०० किलोमीटर फिरणारी गाडी १५ वरून १४.१ वर आली, तर वर्षाला ७६ लिटर जादा लागतात. लिटरला १०० रुपये धरले तरी ७,६०० रुपये झाले.

इथेनॉलला आमचा विरोध नाही. हा उसाचा तालुका आहे. कारखान्याचे बिल शेतकऱ्याच्या हाती पडले की आपल्या दुकानात गिऱ्हाईक येते. प्रश्न मापाचा आहे. मालाचा कस कमी झाला तर व्यापारी भाव उतरवतो. मिश्रित पेट्रोलचा दर कमी ठेवावा, असे त्याच अहवालाने सुचवले होते. ते झाले नाही. इथेनॉलच आता महाग पडते, असे सरकार सांगते. पडत असेल, पण मग करात सूट द्यायला कोणी अडवले आहे? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा दराची मागणी आता व्यापारी संघटनांनीच लावून धरली पाहिजे. निवडणुकीत उसाच्या दरावर बोलणाऱ्यांना पेट्रोलच्या दरावरही बोलते करावे.

तोवर घाईने गाडी विकू नये. नव्या गाडीचा एका महिन्याचा हप्ताच बहुधा या ७,६०० पेक्षा मोठा असेल. आधी खरे अ‍ॅव्हरेज काढावे : टाकी फुल्ल करून किलोमीटर लिहून ठेवावेत, आणि पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा फुल्ल करून भागाकार करावा. घट १५-२० टक्के निघाली तर सगळा दोष इथेनॉलवर ढकलता येणार नाही. चाकांची हवा, एअर फिल्टर, घसरणारा क्लच, चिकटलेले ब्रेक बघावेत. अ‍ॅव्हरेज वाढवणारी म्हणून विकली जाणारी यंत्रे मात्र घेऊ नयेत. त्याच पैशांत पेट्रोलच्या रबरी नळ्या बदलून घ्याव्यात. जुने रबर इथेनॉलने फुगते, चिरते आणि नळी गळू लागते. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हे काम आधी करावे.