चटका बोटाला, घाव चिपला

डिसेंबर उजाडला, की उल्हासनगरची दमट हवा थोडी कोरडी पडते आणि एक जुनी तक्रार पुन्हा ऐकू येऊ लागते. ‘दाराच्या कडीला हात लावला की शॉक बसतो’, ‘गाडीतून उतरताना चटका बसतो’, ‘अंगात करंट वाढलाय का?’ मग कुणी बी-१२च्या गोळ्या आणतो, कुणी तांब्याचे कडे घालतो. या चटक्यावर दोन्हींचा उपयोग नाही, कारण हा आजारच नव्हे. शाळेत केसांवर कंगवा घासून कागदाचे कपटे उचलले जायचे, त्याच प्रयोगाचे हे मोठे रूप आहे. कशालाही हात न लावता हातापायांना सतत मुंग्या येत असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा डॉक्टरांकडून रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्यावे.

दोन वस्तू एकमेकींना घासून वेगळ्या झाल्या, की एकीवरचे काही इलेक्ट्रॉन दुसरीवर जातात. हीच स्थितिक विद्युत, म्हणजे बोलीतला ‘स्टॅटिक’. हवेत आणि कापडात ओलावा असेल, तर हा प्रभार हळूहळू निघून जातो. कोरडेपणात तो साठून राहतो. कॅम्प १ला याचे उदाहरण शेजारीच आहे. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये तयार होणारा व्हिस्कोस धागा मुळात लाकडाच्या लगद्याचा. तो साधारण हवामानात वजनाच्या ११ ते १३ टक्के ओलावा धरतो, सुती धागा ७ ते ८ टक्के आणि पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. म्हणून रेयॉनचा सदरा गप्प राहतो आणि पॉलिएस्टरचा अंगातून काढताना चटचटतो.

चटका जाणवण्यासाठी अंगावर साधारण ३,००० व्होल्टचा दाब साठावा लागतो. आकडा घाबरवणारा आहे, पण त्यामागची ऊर्जा अगदी थोडी असते आणि सारा खेळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात आटोपतो. निरोगी माणसाला त्याने इजा होत नाही. चिपचे तसे नाही. काही नाजूक घटक १०० व्होल्टच्या आतच बिघडतात. म्हणजे हाताला काही कळण्याच्या कितीतरी आधी चिपला घाव बसलेला असतो. तो दर वेळी लगेच दिसतोही असे नाही. दुरुस्त केलेला फोन काउंटरवर व्यवस्थित चालतो आणि काही आठवड्यांनी अचानक बंद पडतो. गिऱ्हाइकाला वाटते, दुकानदाराने फसवले. दुकानदाराला वाटते, सुटा भाग नकली निघाला. खरे कारण दोघांनाही दिसलेले नसते.

न दिसणाऱ्या या ठिणगीला वैद्यकाने फार पूर्वीच गांभीर्याने घेतले. ईथर आणि सायक्लोप्रोपेन या भूल देण्याच्या वायूंचा एका ठिणगीने भडका उडू शकत असे. म्हणून शस्त्रक्रियागृहात वीजवाहक फरशी, तशाच रबराची पादत्राणे, सुती कपडे आणि हवेत पुरेसा ओलावा, असे नियम आले. १९५६पासून न पेटणारे हॅलोथेन वापरात आले आणि पुढे तो धोका मावळत गेला. पण प्रभार साठू द्यायचा नाही, त्याला सावकाश जमिनीत उतरण्याची वाट करून द्यायची, हे तत्त्व आजही तेच आहे.

मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावर ही वाट म्हणजे मनगटी पट्टा. त्याची वायर अर्थिंगला जोडलेली असते. तो न वापरणे ही एक चूक. पण त्याहून मोठी चूक घरगुती जुगाडाची. तांब्याची उघडी तार मनगटाला गुंडाळून ती थेट अर्थिंगला जोडली, तर चिप वाचेल, पण माणूस धोक्यात येईल. चांगल्या पट्ट्यात दहा लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. चुकून दुसऱ्या हाताचा २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श झाला, तरी पट्ट्यातून फक्त ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जातो. तो बहुधा जाणवतही नाही. रोध नसेल आणि त्वचा घामाने ओली असेल, तर हाच प्रवाह २०० मिलिअँपिअरच्या घरात जाऊ शकतो. तो एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघतो आणि वाटेत छाती असते. हृदयाचे ठोके बिघडवायला तेवढा पुरे. ऑनलाइन मिळणारे बिनतारी पट्टे तर निव्वळ शोभेचे. त्यात प्रभार जमिनीत उतरायला वाटच नसते.

पण ज्या अर्थिंगला पट्टा जोडायचा, ते तरी आहे का? उल्हासनगर लष्करी छावणीच्या बराकींतून उभे राहिले. १९४९मध्ये त्याला हे नाव मिळाले. पुढे घरांना गाळे जोडले गेले, गाळ्यांत पोटगाळे पडले. अशा जागेत बोर्डावर तिसरे भोक दिसते, म्हणून त्यामागे अर्थिंगची तार असेलच असे नाही. परवानाधारक वायरमनकडून ती तपासून घ्यावी आणि गळतीचा प्रवाह टिपून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर बसवावा. सोल्डरिंगची इस्त्री तीन पिनांचीच हवी. टेबलावर अँटीस्टॅटिक मॅट अंथरून तीही अर्थिंगला जोडावी. सुटे भाग साध्या प्लास्टिकच्या पिशवीत किंवा थर्माकोलवर न ठेवता, मूळच्या चंदेरी पिशवीत आत ठेवावेत.

घरी संगणकाची रॅम बदलणाऱ्याने आधी पिन काढावी, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा आणि पाटी कडांनीच धरावी. बंद फोनची किंवा टीव्हीची मात्र धास्ती नको. एरवीचे चटके सोसण्याची सोय त्यांत केलेली असते. धोका झाकण उघडल्यावर सुरू होतो.

मोबाइल दुरुस्ती शिकवणारे वर्ग आता गल्लोगल्ली आहेत. तिथे स्क्रीन बदलण्याआधी, पहिल्याच तासाला अर्थिंग आणि मनगटी पट्टा शिकवला गेला पाहिजे, आणि भाड्याने गाळा देणाऱ्याने चालू अर्थिंग देणे हे पाण्याच्या नळाइतकेच आवश्यक मानले पाहिजे. पट्ट्याचा खर्च काहीशे रुपयांचा. त्यात गिऱ्हाइकाचा फोन वाचतो; आणि अर्थिंग खरे असेल, तर टेबलामागे बसलेला विशीतला कारागीरही.